कोर्टात ‘देणं मान्य आहे’ असं सांगायचं, तर ते कसं?

प्रश्न : माझ्या शेडमध्ये आठ यंत्रमाग आहेत. सुताच्या एका व्यापाऱ्याचे १,८०,००० रुपये माझ्याकडून द्यायचे राहिलेत. त्यांनी दीड वर्षाचं २४ टक्क्यांनी ६४,८०० रुपये व्याज धरून एकूण २,४४,८०० रुपयांचा दावा लावलाय. समन्स घेऊन दहा दिवस झाले. मुद्दल मला मान्य आहे. व्याजाचं मात्र कधी बोलणंच झालं नव्हतं, ते नुसतं बिलाच्या खाली छापलेलं आहे. भाऊ म्हणतो, ‘सगळंच नाकार, दहा वर्षं केस चालेल.’ मला तसं करायचं नाही, धंदा याच गावात करायचाय. पण एकरकमी पैसे नाहीत. आज पन्नास हजार देता येतील, पुढे महिन्याला दहा हजार. कोर्टात उभं राहून ‘देणं मान्य’ म्हटलं तर माग उचलून नेतील का? आई तर म्हणते, तुरुंगात टाकतात.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दादा, आईला आधी सांगा की तुरुंगाचं एवढं सोपं नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी (पैसे द्या असा कोर्टाचा अंतिम निर्णय, डिक्री) अटकेची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेत, म्हणजे १९०८ च्या कायद्यात, आहे हे खरं. पण त्याच कायद्याचं कलम ५१ सांगतं की ऋणको पळून जाण्याच्या बेतात आहे, मालमत्ता लपवतोय किंवा ऐपत असून देत नाही, अशी कोर्टाची खात्री पटली पाहिजे आणि तशी कारणं लिहिली गेली पाहिजेत. १९८० साली जॉली जॉर्ज व्हर्गीज यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे फार स्पष्ट केलं. निकाल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा होता. पैसे नाहीत म्हणून कुणाला आत टाकता येत नाही, त्यामागे अप्रामाणिकपणा दिसला पाहिजे, हे त्याचं सार. तुम्ही तर स्वतःहून द्यायला निघालाय.

भावाचा सल्ला ऐकू नका, असं मी स्पष्टच सांगते. कैफियतीखाली, म्हणजे दाव्याला द्यायच्या तुमच्या लेखी उत्तराखाली, तुम्ही सत्यतेची सही करता आणि सोबत प्रतिज्ञापत्र देता. बिलं, चलनं, तुमच्या सहीच्या पावत्या समोर असताना ‘सूत घेतलंच नाही’ असं लिहिलं, तर उलटतपासणीत तासाभरात ते उघडं पडतं. मग व्याजाबद्दलचं तुमचं खरं म्हणणंसुद्धा कोर्टाला खोटं वाटायला लागतं. शिवाय केस चालेल तितका काळ व्याजही चालतं, आणि वकिलाची फी, तारखांना बुडणारे दिवस वेगळेच.

तरीही उद्याच उभं राहून ‘मला सगळं मान्य’ असं म्हणू नका. मान्य करण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचा परिणाम वेगळा आहे.

समजा, तुम्ही कैफियतीत लिहिलंत : ‘वादीकडून सूत घेतले हे खरे आहे. मुद्दल रु. १,८०,००० देणे आहे हे मान्य. व्याजाचा दर व रक्कम मान्य नाही.’ ही झाली कबुली. संहितेच्या आदेश १२ नियम ६ प्रमाणे वादी लगेच अर्ज देऊ शकतो की जेवढं कबूल आहे तेवढ्याचा हुकूमनामा आत्ताच द्या, व्याजाचं नंतर चालवा. द्यायचा की नाही हे कोर्टाच्या हातात असतं, पण इतकी स्वच्छ कबुली असेल तर बहुधा देतात. हुकूमनामा झाला की वादी दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, दाखल करू शकतो, आणि दरखास्तीत जप्ती येते. म्हणजे प्रामाणिकपणे खरं बोललात, पण हप्ते मागायचे राहिले, तर एक लाख ऐंशी हजार एकदम अंगावर येतात.

हप्ते हुकूमनाम्याच्या आधी मागा, हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक प्रतिवादीला पहिल्या भेटीतच सांगते. आदेश २० नियम ११ मध्ये दोन पोटनियम आहेत. पहिल्याप्रमाणे हुकूमनामा देतानाच कोर्ट, पुरेसं कारण असेल तर, रक्कम हप्त्यांनी द्यायला सांगू शकतं, आणि त्यासाठी वादीची संमती लागत नाही. हुकूमनामा झाल्यानंतर मात्र दुसरा पोटनियम लागतो, आणि तिथे वादीच्या संमतीशिवाय हप्ते मिळत नाहीत. त्या अर्जाला मुदतही हुकूमनाम्यापासून फक्त ३० दिवसांची. कैफियतीबरोबरच वेगळा अर्ज द्या : महिन्याची मिळकत, चालू असलेले माग, वीजबिल, घरात खाणारी माणसं, सगळं कागदानिशी. नुसतं ‘परिस्थिती बेताची आहे’ एवढं लिहून कोर्टाच्या हाती काहीच लागत नाही.

हातातल्या पन्नास हजारांचा उपयोग आजच होऊ शकतो. आदेश २४ खाली पैशाच्या दाव्यात प्रतिवादीला कुठल्याही टप्प्यावर कोर्टात रक्कम भरता येते. भरल्याची नोटीस वादीला मिळाली की तेवढ्या रकमेवर त्या दिवसापासून व्याज थांबतं, रक्कम पूर्ण असो वा अपुरी. तुम्हाला सगळं मुद्दल भरता आलं असतं तर आणखी फायदा होता. वादी व्याजासाठी भांडत राहिला आणि शेवटी कोर्टाला भरलेली रक्कमच पुरेशी वाटली, तर भरल्यानंतरचा खर्च वादीवर पडतो. पाहुण्यांकडून, पतसंस्थेकडून बिनव्याजी किंवा कमी व्याजाने काही उभं राहत असेल, तर त्याचा विचार करा.

आता मला तुमच्यासाठी सगळ्यात योग्य वाटतो तो मार्ग, तडजोडीचा. आदेश २३ नियम ३. दोघांनी लेखी तडजोड करायची, दोघांनी सह्या करायच्या, ती कायदेशीर आहे अशी कोर्टाची खात्री झाली की कोर्ट ती नोंदवून घेतं आणि तिच्याप्रमाणे हुकूमनामा देतं. आपल्याकडे याला तडजोड पुरसिस म्हणतात, मोठ्या शहरांत कन्सेंट टर्म्स. व्यापाऱ्यालाही यात रस असतो. साक्षीपुराव्यात दोन-चार वर्षं घालवून, मग दरखास्तीत बेलिफाच्या मागे फिरून पैसे मिळवण्यापेक्षा पुढच्या महिन्यापासून बँकेत जमा होणारे दहा हजार त्यालाही परवडतात. हीच तडजोड लोकअदालतीत केली तर वादीने भरलेली पूर्ण कोर्ट फी त्याला परत मिळते. बोलणी करताना ही गोष्ट आवर्जून पुढे ठेवा, बऱ्याच वादींना ती कुणी सांगितलेलीच नसते.

तुमच्या आकड्यांवरून मी असा प्रस्ताव ठेवला असता : एकूण दोन लाखांत पूर्ण समझोता. पन्नास हजार सही करताना, बाकी दीड लाख दरमहा दहा हजारांच्या पंधरा हप्त्यांत. म्हणजे व्याजापोटी वीस हजार तुम्ही सोसता, जवळपास पंचेचाळीस हजार व्यापारी सोडतो. कदाचित तो सव्वादोन म्हणेल. तिथे ताणून धरू नका, हप्त्याची रक्कम मात्र तुमच्या आवाक्याबाहेर जाऊ देऊ नका. चुकणारा हप्ता कबूल करण्यापेक्षा दोन हप्ते जास्त द्यावेत.

पुरसिस लिहिताना काही वाक्यांवर घासाघीस करायचीच.

हप्ता चुकल्याचं कलम पहिलं. वादीकडून मसुदा येतो त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं : ‘कोणताही एक हप्ता थकल्यास दाव्याची संपूर्ण रक्कम व्याजासह एकरकमी वसूल करण्याचा वादीस हक्क राहील.’ दिवाळीत माग आठवडाभर बंद राहिले, हप्ता पाच दिवस पुढे गेला, की सगळं कोसळलं. त्याऐवजी लिहून घ्या : ‘लागोपाठ दोन हप्ते थकल्यास, आणि वादीने लेखी नोटीस दिल्यापासून १५ दिवसांत थकबाकी न भरल्यास, उर्वरित रक्कम एकरकमी देय होईल.’ ‘उर्वरित’ हा शब्द राहिला की भरलेले पैसे सुरक्षित.

व्याज. हुकूमनाम्यानंतरच्या व्याजाला कलम ३४ मध्ये एरवी सहा टक्क्यांची मर्यादा आहे, पण व्यापारी व्यवहारात कोर्ट त्याहून जास्त दर देऊ शकतं. सूत खरेदी हा व्यापारी व्यवहारच. त्यामुळे ‘सदर रकमेवर यापुढे व्याज देय नाही’ असं पुरसिसमध्ये स्पष्ट लिहा. कायदा असंही सांगतो की पुढील व्याजाबद्दल हुकूमनाम्यात काहीच नसेल तर ते नाकारलं असं धरायचं. पण नसलेल्या शब्दावर कशाला विसंबायचं?

जप्ती. कलम ६० मध्ये जप्तीतून वगळलेल्या गोष्टींची यादी आहे : कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, पगाराचा ठरावीक भाग, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी. तुम्ही स्वतः चालवत असाल तर माग म्हणजे कारागिराची हत्यारं, असं म्हणणं मांडता येईल. पण आठ मागांच्या शेडला कोर्ट ते लागू करेलच असं धरून चालू नका. वादीच्या मसुद्यात कधी कधी ‘प्रतिवादी कलम ६० च्या सवलती सोडून देत आहे’ असं वाक्य घुसवलेलं असतं. अशी अट मुळातच रद्दबातल आहे, हे त्याच कलमात म्हटलंय. तरी ती खोडूनच घ्या, उगाच वादाला जागा नको. आणि ‘हप्ते नियमित असेपर्यंत वादी दरखास्त दाखल करणार नाही’ हे वाक्य तुमच्या बाजूने घाला.

तुम्ही पत्रात लिहिलं नाही, पण सुताच्या उधारीत आगाऊ चेक दिलेले असतातच. एखादा चेक वटला नसेल आणि त्याची निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या (चेकबद्दलच्या कायद्याच्या) कलम १३८ ची फौजदारी केस चालू असेल, तर दिवाणी तडजोडीने ती आपोआप संपत नाही. तो गुन्हा आपसात मिटवता येण्याजोगा आहे, त्याच कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे. पण त्यासाठी फिर्यादीने त्या कोर्टात वेगळी पुरसिस द्यावी लागते. केस नंबरासह ते तडजोडीत लिहून घ्या, आणि न वटवलेले चेक परत घेतल्याची ओळसुद्धा, चेक नंबर टाकून.

मसुदा तयार झाला की तो घरी न्या. मी माझ्या पक्षकाराला पुरसिस दिल्या दिवशी सही करू देत नाही. रात्री घरातल्या शिकलेल्या मुलाकडून किंवा सुनेकडून मोठ्याने वाचून घ्यायला सांगते. गेल्या पावसाळ्यात एका फर्निचरवाल्याच्या पुरसिसमध्ये ‘पंधरा हप्ते’ आणि पुढे आकड्यात ‘१२’ असं होतं. त्याच्या बारावीतल्या मुलीला ते दिसलं. दोन वकील, एक टायपिस्ट, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

कोर्टात तो कागद दाखल झाला की न्यायाधीश तुम्हाला समोर बोलावतात. सही तुमचीच का, मजकूर वाचलात का, समजला का, कुणाचा दबाव आहे का, असं विचारतात. तिथे नुसती मान डोलावू नका. शंका असेल तर त्याच क्षणी ‘साहेब, हे एक कलम मला समजलं नाही’ असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कारण कागदावर निशाणी नंबर (कोर्टाच्या फाईलमधला त्या कागदाचा क्रमांक) पडला आणि ‘तडजोडीप्रमाणे हुकूमनामा करावा’ असा आदेश झाला की कलम ९६(३) लागू होतं. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही. आधी सांगितलेल्या नुसत्या कबुलीवरच्या हुकूमनाम्यावर अपील होऊ शकतं. लोकअदालतीच्या निवाड्यावरही अपील नाही, फार तर हायकोर्टात रिट, तेही फार मर्यादित कारणांसाठी.

हप्ते सुरू झाल्यावर एक पैसा रोख देऊ नका. बँकेतून द्या. आदेश २१ नियम २ मध्ये तरतूद आहे की हुकूमनाम्यापोटी बाहेर दिलेले पैसे कोर्टात नोंदवले नाहीत तर दरखास्त चालवणारं कोर्ट ते विचारातच घेत नाही. वादीने नोंदवले नाहीत तर तुम्ही अर्ज करून नोंदवायचे, मुदत ३० दिवस. माणूस दुकानात जाऊन विश्वासाने पैसे देऊन येतो, वहीवर टिपण होतं. पुढे व्यापारी वारतो, मुलगा दरखास्त लावतो, आणि ती वही कुणाकडेच नसते. शेवटचा हप्ता गेला की दोघांच्या सहीने ‘हुकूमनामा पूर्ण फिटला’ अशी पुरसिस द्या आणि तिची नक्कल घरी ठेवा.

कैफियतीला समन्स बजावल्यापासून ३० दिवस असतात, कारण दाखवून ९० पर्यंत वाढवून मिळतात. बोलणी चालू आहेत म्हणून ही तारीख चुकवू नका.

प्रश्न : वडील वारल्यावर चुलत्यांनी वाटपाचा दावा लावला. त्यात माझे दोन भाऊ, आई आणि मी प्रतिवादी होतो. मोठ्या भावाने घरी येऊन वकीलपत्रावर सही घेतली, म्हणाला बाकी मी बघतो. मी कोर्टात कधी गेलेच नाही. गेल्या महिन्यात सातबारा काढला तर माझं नाव कुठेच नाही. तलाठी म्हणाले, दोन वर्षांपूर्वी कोर्टात तडजोड झाली, त्यात तुम्ही हिस्सा सोडला. मी वेगळा दावा लावू का?
— एक वाचक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून जीव कळवळला, कारण असं पत्र हे काही पहिलंच नाही. बहिणीचा हिस्सा गिळायला हल्ली हक्कसोडपत्राऐवजी तडजोड पुरसिस वापरतात. हक्कसोडपत्राला निदान दुय्यम निबंधकासमोर बसावं लागतं, फोटो आणि अंगठा द्यावा लागतो.

वेगळा दावा लावू नका. आदेश २३ नियम ३-अ तो मनाई करतो : तडजोड बेकायदेशीर होती या कारणावरून हुकूमनामा रद्द करण्यासाठी नवा दावा चालत नाही. अपिलाचं दार कलम ९६(३) ने बंद आहे. २००६ च्या पुष्पादेवी भगत प्रकरणात सुप्रीम कोर्टाने रस्ता दाखवून दिलाय : ज्या कोर्टाने तडजोड नोंदवली त्याच कोर्टात जायचं आणि सांगायचं की खरी, कायदेशीर तडजोड झालीच नव्हती. तो प्रश्न त्याच कोर्टाने ठरवायचा. फसवणुकीने किंवा दबावाने झालेला करार कायदेशीर धरायचा नाही, असं नियम ३ च्या स्पष्टीकरणातच आहे.

आज काय करायचं ते सांगते. तलाठ्याकडून फेरफाराची नक्कल घ्या, तिच्यात दाव्याचा नंबर असतो. त्या नंबरावर कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करा : तडजोड पुरसिस, वकीलपत्र, हुकूमनामा आणि पूर्ण रोजनामा. रोजनामा विसरू नका. त्या तारखेला कोण हजर होतं, पडताळणी कुणाची झाली, हे त्यातच कळतं.

कागद हातात आले की पुरसिसवर तुमच्या नावापुढे काय आहे ते पाहा. सही असेल आणि ती तुमची नसेल, तर प्रकरण सरळ बनावटपणाचं आहे. हस्ताक्षरतज्ज्ञाची मागणी करा. सही तुमची असेल पण कोऱ्या कागदावर घेतलेली असेल, तर लढाई अवघड, पण अशक्य नाही. तुम्ही कोर्टासमोर हजर नव्हता हे रोजनाम्यातून दिसलं तर बळ येतं. तिसरी शक्यता अशी की सही तुमची नाहीच, फक्त वकिलाची आहे. इथे नीट समजून घ्या. वकील पक्षकाराच्या वतीने तडजोडीवर सही करू शकतो, हे सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये बायरम पेस्टनजी प्रकरणात मान्य केलंय, आणि छापील वकीलपत्रात तसा अधिकार बारीक अक्षरात असतोच. पण २०१५ च्या हिमालयन को-ऑपरेटिव्ह प्रकरणात त्याच कोर्टाने बजावलं की पक्षकाराचा हक्क सोडण्यासारखी गोष्ट स्पष्ट सूचनेशिवाय वकिलाने करायची नाही. ‘मी त्या वकिलांना कधी भेटलेच नाही, त्यांना सूचना भावाने दिल्या’ हे तुमचं म्हणणं इथे कामाला येतं. भावाच्या आणि तुमच्या हिताचा संघर्ष असताना एकच वकील कसा, हा प्रश्नही तुमच्या वकिलाला जरूर उपस्थित करायला सांगा.

सातबारा पाहिल्याची तारीख आणि त्या उताऱ्याची प्रत जपून ठेवा. फसवणूक असेल तर मुदत ती उघड झाल्यापासून मोजतात, मुदत कायद्याचं कलम १७. तरीही सहा महिने घरात चर्चा करण्यात घालवू नका. तोवर भाऊ जमीन तिसऱ्याला विकू शकतात, म्हणून अर्जासोबत मनाई हुकूमही मागा.

पैशाची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, ती कोर्टाच्या आवारातच असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. सासरी कुणाची परवानगी लागत नाही.

आणि ज्या बहिणींचे दावे अजून चालू आहेत त्यांनी मोबाईलवर ई-कोर्ट्स सर्व्हिसेस अॅप घ्या, दाव्याचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) टाका. पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, घरबसल्या दिसतं. ‘बाकी मी बघतो’ असं कुणी म्हणालं तरी आपणही बघावं.

प्रश्न : शेजाऱ्याकडून पाच गुंठे जागा घेतोय. एजंट म्हणतो खरेदीखत नको, शेजाऱ्यावर मालकीचा दावा लाव, तो कोर्टात ‘दावा मान्य’ म्हणेल, हुकूमनामा मिळेल. स्टँप ड्युटी आणि नोंदणी दोन्ही वाचेल. असं करता येतं का?
— एक वाचक, बारामती

उत्तर : करू नका. हा सल्ला फार जुना आहे आणि फार जणांना बुडवून गेलाय.

महाराष्ट्रात संमतीच्या हुकूमनाम्याने मालमत्ता हस्तांतरित होत असेल तर त्यावर खरेदीखतासारखीच स्टँप ड्युटी लागते. १९९४ च्या रुबी सेल्स प्रकरणात सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्राच्याच मुद्रांक कायद्याबद्दल हे ठरवून टाकलंय. नोंदणीचंही तेच. दाव्यातल्या मिळकतीबद्दलच्या तडजोडीला नोंदणी कायद्याच्या कलम १७ मध्ये सूट आहे खरी, पण ती सूट आधीपासून असलेला हक्क मान्य करण्यासाठी आहे. ज्याला आजवर काहीच हक्क नव्हता त्याला हुकूमनाम्याने प्रथमच मालक केलं, तर नोंदणी लागते, असं १९९५ च्या भूपसिंग प्रकरणात सांगितलं गेलं. म्हणजे वाचत काहीच नाही. उलट कधी बँकेत कर्जाला गेलात की त्यांचा वकील हा हुकूमनामा बघतो आणि फाईल परत देतो.

त्यात तुमची जागा पाच गुंठे. शेतजमिनीचा तुकडा असेल तर तुकडेबंदीचा प्रश्न आहे, आणि कायद्याने मना केलेली गोष्ट दोघांच्या संमतीने कायदेशीर होत नाही. तडजोड ‘कायदेशीर’ हवी, हा आदेश २३ नियम ३ मधला शब्द कोर्ट गांभीर्याने घेतं. शिवाय खोट्या मालकीचा दावा म्हणजे तुम्ही आणि शेजारी दोघंही शपथेवर खोटं लिहिणार. आधी जागेचा झोन दाखला (जागा कोणत्या वापराच्या पट्ट्यात येते ते सांगणारा) आणि सातबारा एखाद्या वकिलाला दाखवा, एजंटाला नव्हे.

प्रश्न : माझे पती गेले. मुलगा नऊ वर्षांचा. दिरांनी घराच्या हद्दीवरून दावा केलाय, त्यात मी आणि मुलगा प्रतिवादी आहोत. दीर आता तडजोडीला तयार आहेत, दोन फूट जागा सोडून बाकी आमचं मान्य करतात. मुलाच्या वतीने मीच सही केली तर चालेल ना?
— एक वाचक भगिनी, चिपळूण

उत्तर : ताई, तुमची सही लागेल, पण तेवढीच पुरणार नाही. अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या, मुलाच्या वतीने तडजोड करायची तर आदेश ३२ नियम ७ प्रमाणे कोर्टाची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि ती परवानगी रोजनाम्यात स्पष्ट नोंदली गेली पाहिजे. तुमच्या वकिलांना वेगळा अर्ज द्यायला सांगा. त्यासोबत तुमचं प्रतिज्ञापत्र हवं की ही तडजोड मुलाच्या हिताची आहे, आणि वकिलांचंही तसं प्रमाणपत्र हवं. हे कागद ठरावीक नमुन्यात छापून देऊ नका. दोन फूट सोडल्याने मुलाच्या वाट्याचं काय राहतं, रस्ता कुठून मिळतो, पाणी कुठून येतं, हे हाताने काढलेल्या नकाशासह दाखवा.

परवानगी न घेता तडजोड झाली तर मुलगा पुढे ती नाकारू शकतो. दिरांना मात्र तिच्यातून मागे फिरता येत नाही. तेव्हा ही परवानगी दिरांच्याही हिताची आहे, हे त्यांना समजावून सांगा, म्हणजे उशीर झाला म्हणून ते चिडणार नाहीत. तडजोडीत मुलाच्या नावे काही रक्कम येत असेल तर तीही कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्या हातात घेऊ नका. कोर्ट साधारणतः ती त्याच्या नावे बँकेत ठेवायला सांगतं, आणि त्याच्या शिक्षणासाठी लागली तर पुढे अर्ज करून काढता येते.